मोठ्याईमार्फत उडालेलं विमान

मनीषाचा हेवा करायला मी नेमकी कधी शिकले ते आठवत नाही, पण चालायला आणि हेवा करायला एकाच सुमारास शिकले असणार. ती माझी चुलत बहीण. रंगाने उजळ, केस कमरेखाली, आणि तेल न लावताही चमकणारे. माझ्या केसांना आई वाटीभर तेल चोपडायची तरी ते बाभळीसारखे उभे. ती भाकर थापायची तर ताटाएवढी गोल यायची. मी थापली की बाबा म्हणायचे, "वंदे, आज कोणता जिल्हा केला वं?" या सगळ्यावर कडी म्हणजे तिचे वडील विमानवाले होते आणि माझे फुलंवाले. अकोल्याच्या बाहेर आमचा मळा होता, शेवंती, झेंडू आणि बांधाच्या कडेने थोडा मोगरा. आमच्या घराला वास होता. तिच्या घराला मात्र विमानाचा आवाज होता, आणि तोही अमरावतीत, जिथे त्या काळात खरं विमान दिसलं की गल्लीतली बायामाणसं गच्चीवर जायची.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमच्याकडे थोरल्या काकांना मोठेबाबा आणि काकूंना मोठीआई म्हणतात, हाक मारताना तिची मोठ्याई होते. मोठेबाबांनी स्वतः विमान कधी उडवलं नाही, ते उडवणाऱ्यांना शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुंबईहून परत आले ते एक टेम्पो भरून सामान घेऊन, आणि मोठ्याईने सोफासेटसाठी राखून ठेवलेल्या समोरच्या खोलीत त्यांनी जाड काचेचे तीन मॉनिटर मांडले, शेजारी शेजारी दोन खुर्च्या ठेवल्या, मधोमध प्लायवूडच्या खोक्यात बसवलेला एक बटणांचा फलक, खऱ्या विमानात वैमानिकापुढे असतो तसा. पाहुणे आले की मोठ्याई त्यांना स्वयंपाकघरात बसवायची आणि सांगायची, "समोरच्या खोलीत नोका जाऊ, तिथं विमानतळ आहे."

मला अकोल्याहून अमरावतीला पाठवलं ते बी.एस्सी. करायला. घरात राहायचं, मोठ्याईला हातभार लावायचा आणि कॉलेजात जायचं, असं ठरलं होतं. पण पहिल्याच संध्याकाळी मी त्या खोलीच्या उंबरठ्यावर उभी राहिले आणि माझं बी.एस्सी. तिथेच संपलं, असं म्हणायला हरकत नाही. डाव्या खुर्चीत मनीषा बसली होती. ती फलकाकडे पाहतही नव्हती. बोटं आपली आपण चालली होती, डोळे समोरच्या पडद्यावर, आणि पडद्यावर एक एक नाव उमटत होतं. नागपूरपासून मुंबईपर्यंत आकाशात लोकांनी नावं देऊन ठेवलेल्या जागा असतात, तिथे ना खांब ना पाटी, फक्त नाव. ती नावं ओळीने भरली की विमानाला रस्ता कळतो. मला ते विमान नको होतं, मला ती बोटं हवी होती.

मोठेबाबा शिकवायचे फार छान. आता मी स्वतः शिकवते तेव्हा त्यांचीच वाक्यं चोरते आणि माझ्या नावावर खपवते. ते म्हणायचे, "वैमानिक आता विमान कमी चालवतो, यंत्राला जास्त समजावतो. कुठून जायचं, किती उंच, किती वेगाने, इंधन किती. समजावण्यात चूक झाली तर यंत्र चुकीच्या जागी अगदी बरोबर जाऊन पोचतं." आणि त्यांचा एक नियम होता, जो त्यांनी आमच्या डोक्यात पाढ्यासारखा घातला. एकाने बटणं दाबायची आणि दुसऱ्याने वाचायचं. रस्त्यात बदल केला की पडद्यावर आधी नुसती तुटक रेघ येते, म्हणजे विमान विचारतं, असं जाऊ का? शेजारच्याने ती रेघ पाहून "बरोबर" म्हटल्याशिवाय शेवटचं बटण दाबायचं नाही. ते बटण दाबलं की रेघ सलग होते आणि विमान वळतं. इंग्रजी नाव मोठं होतं, आमच्या घरात त्याला पक्क्याचं बटण म्हणत.

तर पुढची सगळी थंडी मी उजव्या खुर्चीत बसून "बरोबर" म्हणत काढली. मनीषा दाबायची, मी म्हणायचे. खोलीत पंख्याची घरघर, बाहेर भंगारवाल्याची आरोळी, स्वयंपाकघरात वांगं भाजल्याचा वास, आणि लोडशेडिंग झालं की यूपीएसचं टीं टीं. मोठ्याई आतून ओरडायची, "लाइट गेली वं पोरींनो, विमान खाली उतरवा लवकर!" आम्ही घाईघाईने औरंगाबादेवर उतरवायचो. कधी नाही जमलं तर पडदा काळा व्हायचा आणि मोठ्याई विचारायची, "गेले का सारे?" मोठेबाबा म्हणायचे, "गेले." ती म्हणायची, "चला, हात धुवा मंग," आणि ताटात गरम भाकर, भरीत आणि कच्चा कांदा यायचा. तिथेही मनीषाच्या ताटात वांग्याचा देठाजवळचा भाग पडायचा, जो सगळ्यात गोड असतो. मोठ्याई मुद्दाम करत नसेल. पण माझं लक्ष असायचं.

माझी पाळी आली की मी डाव्या खुर्चीत बसायचे आणि एका बोटाने अक्षर शोधायचे. मनीषा उजवीकडून मान तिरपी करून इतक्या शांतपणे वाट पाहायची की त्यापेक्षा तिने चिमटा काढला असता तर बरं. चुकत मी नव्हते, हे सांगायला हवं. हळू होते, पण रेघ मला दिसायची. पडद्यावरची तुटक रेघ जरा वाकडी गेली की माझी नजर पहिली तिथे जायची. मळ्यात वाफ्याची ओळ वाकडी गेली की बाबा लांबून ओरडायचे, त्यातला थोडा भाग माझ्याकडे आला असावा. पण या गुणाचं मला काडीचं कौतुक नव्हतं. हेवा करणाऱ्याला आपलं काही दिसतच नाही, त्याचं सगळं लक्ष शेजारच्या ताटात.

थंडी उतरत आली तेव्हा मोठेबाबांनी जेवताना बातमी सांगितली. त्यांच्यासोबत शिकवणारे एक कॅप्टन साहेब आता हैदराबादेत वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात होते. तिथे खरं, खोलीएवढं, पायांवर उभं राहून हलणारं सिम्युलेटर, म्हणजे शिकण्यापुरतं खोटं विमान, होतं, आणि शिक्षकाच्या मागच्या टेबलावर बसून काम शिकायला एक माणूस हवा होता. शिकणारे काय भरतात ते पाहायचं, त्यांच्यापुढे अडचणी टाकायच्या, पुढे परीक्षा देऊन स्वतः शिकवायचं. कॅप्टन साहेब कामानिमित्त नागपूरला येणार होते, तिथून अमरावतीला येऊन दोघींना बघणार होते. जागा एक.

मी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला तो तिथेच राहिला. मनीषा शांतपणे म्हणाली, "वंदी जाईल ना. फक्त तिचं बोट अक्षर सापडेपर्यंत विमान मुंबई वलांडून समुद्रात गेलं नाई पायजे."

सगळे हसले. मोठेबाबाही हसले. मी म्हटलं, "तुले काय फिकीर वं? परीक्षा घरची, मास्तर घरचा. तू बटण नाई दाबलं तरी पास."

हसू बंद झालं. मोठेबाबा उठले आणि हात धुवायला गेले. मनीषाने माझ्याकडे एकदा पाहिलं, ताट उचललं आणि आईला म्हणाली, "आई, तिले सांग, आजपासून मायाशी बोलू नको म्हना."

मोठ्याई माझ्याकडे वळली. "वंदे, ते म्हनते आजपासून तिच्याशी बोलू नको."

"तिले सांग, बोलतेच कोन?"

"मने, ते म्हनते, बोलतेच कोन."

आता आमच्या घराण्यातला अबोला काय चीज आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इतर घरांत लोक रुसतात, दोन दिवसांनी कुणीतरी चहा आणून देतं, संपतं. आमच्याकडे अबोल्याला कायदा आहे. निरोप तिसऱ्या माणसामार्फतच जातो. समोरचा दोन हातांवर बसून सगळं ऐकत असला तरी तिसऱ्याने सांगेपर्यंत त्याने ऐकलेलंच नसतं. एकदा मोठेबाबा मुंबईहून सुटीवर आले असताना त्यांचं आणि माझ्या बाबांचं एका बैलावरून बिनसलं, तेव्हा दोघांनी एकत्र पेरणी केली ती सबंध माझ्या आईमार्फत. तिफणीमागे एक, पुढे दुसरा, आणि मधे आई धावतेय, "भाऊजी, हे म्हनतात थांबा." बैल थांबायचा, मोठेबाबा आईने सांगितल्यावर थांबायचे. यात हसण्यासारखं काही आहे असं आम्हाला तेव्हा वाटायचं नाही.

कॅप्टन साहेब आले ते सकाळी. उंच, पांढऱ्या मिशा, पायातले बूट काढताना भिंतीला हात न लावणारे. मोठ्याईने सांभारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, तळली होती. त्यांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी हातात घेऊन समोरच्या खोलीत आले आणि दोन खुर्च्यांच्या मागे स्टूल ओढून बसले. मनीषा डावीकडे, मी उजवीकडे. मोठेबाबा खिडकीशी उभे, स्वतःच परीक्षेला बसल्यासारखे. आणि दारात, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन, मोठ्याई. ती तिथे का बसली होती ते घरातल्या चौघांना माहीत होतं आणि पाहुण्याला माहीत नव्हतं.

"चलो बेटा, नागपूर से मुंबई," कॅप्टन म्हणाले.

मनीषाने भरायला सुरुवात केली. मला वाचायचं होतं. मी वाचलं, "मोठ्याई, तिले सांग, मार्ग बरोबर आहे."

"मने, मार्ग बरोबर आहे म्हनते," मोठ्याई शेंग फोडत म्हणाली.

"आई, तिले म्हना, इंधन पाय."

"वंदे, इंधन पाय म्हनते."

"बरोबर आहे म्हना."

"बरोबर आहे, मने."

कॅप्टनांच्या हातातली सांभारवडी तशीच राहिली. त्यांनी मोठेबाबांकडे पाहिलं. मोठेबाबा खिडकीबाहेर पाहू लागले, तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. पण विमान मात्र छान चाललं होतं. खरंच सांगते, इतकं काळजीपूर्वक विमान आम्ही कधी चालवलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट दोनदा मोठ्याने बोलली जात होती आणि मधे एक बाई ती विश्वासाने पोचवत होती. नागपूर मागे पडलं, अमरावती खालून गेली, आणि अकोल्यावर आलो तेव्हा माझ्या मनात आलं की बाबा आत्ता खाली मळ्यात असतील. तेवढ्यात कॅप्टन म्हणाले, पुढे हवामान खराब आहे, मार्ग सोडा, या ठिकाणाकडे सरळ जा. त्यांनी पाच अक्षरांचं एक नाव सांगितलं.

मनीषाची बोटं चालली. पडद्यावर त्याच नावाच्या दोन जागा आल्या, कारण जग मोठं आहे आणि नावं थोडी. खऱ्या विमानात जवळची जागा वर येते, आमच्या घरगुती प्रोग्रॅमला तेवढी अक्कल नव्हती. मनीषाने सवयीने वरची निवडली. तुटक रेघ उमटली आणि सरळ पडद्याबाहेर निघून गेली, महाराष्ट्र सोडून, समुद्र सोडून, कुठल्या तरी दुसऱ्याच खंडाच्या दिशेने. पक्क्याच्या बटणावरचा दिवा लागला. मनीषाचं बोट त्याच्यावर गेलं.

मी पाहिलं त्याच क्षणी ओरडले. ओरडले ते असं: "मोठ्याई, तिले सांग दाबू नोको!"

आणि दारात नुसतं सूप होतं. मोठ्याई दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली होती.

मनीषाचं बोट बटणावर थांबलेलं मी पाहिलं. तिने ऐकलं होतं, अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. पण निरोप अजून तिला आला नव्हता. तिने दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. आणि माझ्या या सुंदर, हुशार, घराण्याच्या कायद्याला जागणाऱ्या बहिणीने बटण दाबलं. विमान एका पंखावर कलंडलं आणि प्रवाशांसकट निघालं.

मग कॅप्टन म्हणाले, "उसने बोला ना तुमको?"

"मले नाई बोलली," मनीषा म्हणाली. मान ताठ होती. "आईले बोलली."

पदराला हात पुसत मोठ्याई आली. "काय म्हनत होती वं वंदे?"

त्या क्षणी कॅप्टन साहेब हसायला लागले. मोठेबाबा हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी पाहिला. तो माणूस आयुष्यभर हेच शिकवत आला होता, शेजारच्याशी बोला, आणि त्याच्या घरात, त्याच्या पोरींनी, त्याच्या जुन्या मित्रासमोर हे दाखवलं. ते म्हणाले, "उद्या सकाळी पुन्हा. खुर्च्या बदलून. आणि हिला स्वयंपाकघरात कोंडा."

"मी काय केलं व माय?" मोठ्याई म्हणाली. खरंच, त्या सकाळी बिचारीचंच काम सगळ्यात चोख झालं होतं.

दुसऱ्या सकाळी डावी खुर्ची माझी होती. दार आतून लावलेलं. पलीकडून मोठ्याईच्या बांगड्या वाजत होत्या, ती दाराला कान लावून होती हे सगळ्यांना कळत होतं. आदल्या दिवसाचा हिशेब मी मनात केला होता. मनीषा चुकली होती, मी ओरडले होते, आता फक्त तिच्यासारखं भरभर भरून दाखवलं की हैदराबाद माझं. म्हणून मी फलकाकडे न पाहता बटणं दाबायला लागले. तिच्यासारखी मान ताठ, डोळे पडद्यावर, मनगट हलकं. आणि काय सांगू, जमत होतं! इगतपुरीच्या अलीकडेपर्यंत मी मनीषा होते. इतका आनंद मला नंतर लग्नातही झाला नाही. आमचे हे आता शेजारी बसून पेपर वाचताहेत म्हणून हे वाक्य मी बारीक अक्षरात लिहितेय.

कॅप्टन म्हणाले, मुंबईला उतरायची तयारी करा, पुढची जागा दहा हजार फुटांवर ओलांडा. मी न पाहता आकडे दाबले. न पाहता म्हणजे न पाहताच. एक शून्य राहिलं. दहा हजाराचं एक हजार झालं, आणि खाली सह्याद्री होता. माझं बोट पक्क्याच्या बटणाकडे निघालं, झोकात, केस मागे टाकत, जे केस मला नव्हतेच.

शेजारून आवाज आला, "वंदे, थांब."

हळू आवाज. इकडेतिकडे न बघता, कुणामार्फत नाही, थेट माझ्याकडे तोंड करून. "शून्य पाय. डोंगरात घालशील."

मी थांबले. शून्य भरलं. मनीषाने पडदा पाहिला आणि म्हणाली, "बरोबर." मी बटण दाबलं. दाराबाहेरच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. आमच्या घराण्यात समोरासमोर अबोला मोडलेला कुणी पाहिला नव्हता. मोठेबाबा आणि बाबांचा तर आजोबा गेल्यावर मोडला. विमान व्यवस्थित उतरलं. धावपट्टीच्या मधोमध उतरलं आणि माझ्या डोक्यात मात्र एकच घंटा वाजत होती, की गेलं, हैदराबाद गेलं.

गेलंच. कॅप्टन साहेब बूट घालताना मोठेबाबांना म्हणाले, "टाइप करना तो सब सीख जाते हैं. मुझे वो चाहिए जो गलती करने वाले को सीधा बोले." आणि मनीषाच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हारी नज़र तेज़ है. बीच का आदमी हटा दो." पुढे मीही परीक्षा देऊन दुसरीकडे शिकवायला लागले, आणि इतकी वर्षं झाली, हे दुसरं वाक्य मी माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पहिलं अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगितलं.

ते गेल्यावर मी मागच्या अंगणात नळाशी जाऊन बसले. रडत नव्हते. जळत होते, आणि आता ज्वाळेला नवीन लाकूड मिळालं होतं. तिचे केस, तिची बोटं, तिचा बाप, हे सगळं मी सहन केलं असतं. पण आधी बोलण्याचा मानही तिनेच घ्यावा? माझ्या मनात आदल्या रात्री शंभरदा आलं होतं की आपण बोलावं. मनात आलं त्याला कोण विचारतो. उद्या घरात सांगतील, मनीने मोठं मन दाखवलं. माझ्या मनाचं माप कुणी काढायचं?

ती आली आणि शेजारी पायरीवर बसली. तिच्या हातात भाजलेल्या तुरीच्या शेंगांची वाटी होती. तिने वाटी मधे ठेवली.

"रागावली काय वं?" ती म्हणाली.

"मले तुया हेवा वाटते," मी म्हटलं. थेट. हे कुणामार्फत सांगायची सोय नव्हती. "लहानपनापासून. भल्ला वाटते. आता तर आनखी वाटून राहिला. तू जाशील तं मी स्टेशनवर येईन, हात हलवीन, पन हेवा काई सोडनार नाई, सांगून ठेवतो."

मला वाटलं ती हसेल, किंवा तिच्या त्या शांत पद्धतीने समजूत घालेल, म्हणजे मला आणखी एक कारण मिळेल. ती शेंग फोडत राहिली. एक दाणा स्वतः खाल्ला, एक माझ्या तळहातावर ठेवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, आणि तेव्हा कुठे मला कळलं की हैदराबादेला जाणारी पोर रिकामंच टरफल पुन्हा पुन्हा सोलतेय,

"नोको सोडू वं, वंदे. तिथं मायावर जळनारं कोन आहे?"